चौदा टक्क्यांवरची मुलाखत
दसऱ्याला झेंडूचा वास घरभर पसरला की मला लेकीची ती ऑनलाइन मुलाखत आठवते. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, साडेअकराला ती होती आणि सव्वादहाला लॅपटॉप चौदा टक्क्यांवर आला. मी तीन सॉकेट बदलली, शेजाऱ्यांचा चार्जर लावून पाहिला, पण चार्जिंग होईना. दीड वर्ष अर्ज केल्यावर आलेलं ते पहिलंच बोलावणं होतं. लेक रडवेली झाली. आम्ही बोईसर स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात धावलो. "बॅटरी गेली वाटतं," मी म्हणालो. मूळच्या जवळच्याच दांडी गावच्या दुकानदार बाईंनी लॅपटॉप बंद केला, चार्जिंगच्या पोर्टात टॉर्च मारला आणि टूथपिकने कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा बाहेर काढला. "काका, याचं लगीन लावलं काय तुमी?" आदल्या दिवशी पूजेत लॅपटॉपवर अक्षता मीच वाहिल्या होत्या. लेकीने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग तिला हसूच आवरेना. चार्जर लागला. बाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं. "हितंच दे मुलाखत. गिऱ्हाइकांना मी गप करते." दाराबाहेर उभा राहून मी तिचा आवाज ऐकत होतो; तो एकदाही अडखळला नाही. इतक्या निवांतपणे मी त्यानंतर कुठल्याच दुकानात उभा राहिलेलो नाही.