हॅरीने भरलेली बॅग

हॅरी बॅग भरायला बसला की दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत कुणी मध्ये बोलायचं नसतं. बांधकाम कंपनीचं स्टोअर सांभाळण्यात त्याची अख्खी नोकरी गेली, त्यामुळे वस्तूत वस्तू बसवायची खोड हाडात मुरलेली. बुटांत साबण, साबणांच्या फटीत बामच्या बाटल्या, आणि मग हातकाट्याला बॅग टांगायची. काटा विमान कंपनीच्या मर्यादेपर्यंत गेला नाही तर याचा जीव खालीवर! दरवर्षी वसईला जाताना हा सोहळा व्हायचा.

यंदा मात्र तो आणि त्याची बायको जोसेफीन इटलीतल्या सिसिली बेटावर निघाली होती. हॅरीची नोकरी संपत आली होती आणि तिच्याबरोबर व्हिसाही खलास होणार होता. "कायमचं गावाला जायच्या आधी मला एकदा ज्वालामुखी बघायचाय," असा जोसेफीनने हट्ट धरला. पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. इतक्या वर्षांत तिची थोरली जाऊ फिलोमिना एकदाही विमानतळावर घ्यायला आली नव्हती. दीर यायचे, पोरं यायची, ही घरी थांबायची आणि बॅग उघडताना मात्र सगळ्यांत पुढे. आता त्याच घरात, तिच्या शेजारच्या खोल्यांत, उरलेलं आयुष्य काढायचं होतं. ती आपली वाट बघते की बॅगेची, हे जोसेफीनला कळत नव्हतं, आणि ते तिला फार लागलं होतं.

"या खेपेला कुणासाठी काही न्यायचं नाही," तिने हॅरीला बजावलं. तो हो म्हणाला.

तिथल्या कातानिया शहरात सिमोना नावाच्या म्हाताऱ्या बाईकडे त्यांनी खोली घेतली होती. तिथे बॅग उघडली तर काय, टँगचे डबे, साबण, टाल्कम पावडर, बाम, खजूर! स्वेटर एकही नाही.

"हॅरी, इथे तुझा कोण मामा राहतो?"

"अगं, वजन फुकट जात होतं," तो खालमानेने म्हणाला.

गल्फमध्ये केस पिकवलेल्या माणसानेच करावी अशी ही चूक. एटनाच्या काळ्या उतारावर दोघं एकाच शालीत कुडकुडत उभी राहिली, आणि ज्वालामुखी ढगात दडी मारून बसला. जोसेफीनला हसूही आलं आणि रडूही.

मग बसने बेटाला वळसा घालत, किनाऱ्यावरचं एकेक गाव करत, बॅग हलकी करणं चालू झालं. सिमोनाला गुडघ्यांसाठी बाम दिला. ताओर्मिनातल्या फळवाल्याला खजूर मिळाले. चेफालूच्या बंदरात जाळी विणत बसलेल्या बाईने साबण हुंगून पाहिला आणि तो पदराआड ठेवावा तसा एप्रनच्या खिशात घातला. परत कातानियाला आले तेव्हा बॅगेत फक्त मळके कपडे होते.

सिमोनाच्या दारात जोसेफीनचे पाय अडखळले. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी शिरायची तिला सवयच नव्हती. सिमोनाने त्यांना गॅलरीतून पाहिलं, लगबगीने खाली आली, दोघांना मिठी मारली आणि बॅग ओढत जिन्याने वर नेली. आत काय आहे हे तिने विचारलंसुद्धा नाही. जोसेफीनला भरून आलं. आता फिलोमिनाला सांगून टाकायचंच, असं तिने तिथेच ठरवलं.

दोह्याला परतल्यावर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अबू हमूरच्या चर्चमधून मिस्सा करून आल्या आल्या तिने फिलोमिनाला फोन लावला. हॅरी काटा पुसत बसला होता.

"वहिनी, आम्ही पुढच्या महिन्यात कायमचे येतोय. कपडे कार्गोने पाठवले. कुणासाठी काही आणत नाही."

फिलोमिनाने लगेच विचारलं,

"म्हणजे गाडीत बॅगा नसणार?"

"नाही."

"एक पण नाय?"

"एकही नाही."

"मग मी येते गं एअरपोर्टला! दरवेळी ह्यांना विचारते, मी येऊ का? हे म्हणतात, तू बसलीस तर बॅगा काय डोक्यावर घ्यायच्या? या खेपेला मीच पुढे बसणार!"

जोसेफीनला लाज वाटली. इतकी वर्षं जिच्यावर ती मनातून रुसून होती, तिची गाडीतली जागा तिच्यासाठीच नेलेल्या साबणांनी अडवली होती.

"हॅरी," डोळे पुसत ती म्हणाली, "तो काटा इथेच कुणाला तरी देऊन टाक."