गोणीतलं स्टिअरिंग

कापडे गावचे एक काका दर सोमवारी कुबडी टेकत माझ्या महाडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येतात. खांद्यावर युरियाची गोणी, आणि गोणीत गेम खेळायचं जुनं स्टिअरिंग. जन्मभर त्यांनी एसटी चालवली. शुगरनं उजवा पाय गुडघ्याखालून नेला. आता त्यांना माझ्याच कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये बस चालवायची असते.

गेम ते स्टिअरिंग ओळखतच नाही. ओळखलंच, तर डावीकडे फिरवलं की बस उजवीकडे जाते. मी सेटिंग बसवतो. पुढच्या सोमवारपर्यंत गेम अपडेट होतो आणि सगळं मुसळ केरात. काका चिडत नाहीत. "इंजिन गरम व्हायला टाइम लागतो रे," एवढंच म्हणतात. मला त्याचाच राग येतो.

परवा जमलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचं काम मी स्टिअरिंगवरच्या एका बटणाला दिलं. अंगठ्यानं बस पळवत, प्रत्येक वळणाला घाटातल्यासारखा हॉर्न देत काका पहिल्या थांब्यावर आले. प्रवासी चढले, दार लागलं. काका हलेनात.

"काका, निघा की."

"बेल कुठं झाली? कंडक्टर नाय काय गाडीत?"

"नाही हो. या गेममध्ये कंडक्टरच नाही."

ते अंगठा बटणावर नुसता टेकवून बेलची वाट बघत राहिले. शेवटी मी टेबलावर दोनदा टकटक केलं.

त्यांचा चेहरा उजळला. अंगठा बटणावरून सुटला, उजवी मांडी जोरात खाली दाबली गेली, आणि विजारीचा मोकळा पाय तेवढा हलला.

बस जागच्या जागी उभी.

"उचलत नाय रे गाडी," ते म्हणाले. "अजून एकदा वाजव."