चार पत्रकांतलं एक वाक्य

पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते. जोरदार वाक्य सापडलं की ते आलं कुठून, हे तो विचारत नाही. अमरावतीच्या विद्यापीठात एलएलएमला आले तेव्हा ही खोड माझ्यात मुरलेली होती. मोर्चे काढले होते, चौकात उभं राहून पत्रकं वाटली होती. संशोधन पद्धती हा विषय मला खुर्चीत बसणाऱ्यांचे चोचले वाटायचा. स्पष्टच सांगते, मी तो तास बुडवायचे.

त्याच वर्षी अकोल्यात आमच्या जठारपेठेतल्या घरामागं राहणाऱ्या काकूंचं काम गेलं. त्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. तांदळात अळ्या निघाल्या, त्यांनी पालकांना बोलावून दाखवल्या. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. झालं! अळ्या शिजवल्या असत्या तर काम राहिलं असतं.

काकूंनी शिक्षणाधिकाऱ्यांकडं तक्रार केली, सुनावणी लागली. लेखी म्हणणं मी लिहिलं. मधोमध, ठळक अक्षरांत, कोर्टाच्या एका निकालातलं वाक्य टाकलं: मानधनावरच्या बाईलाही कायम नोकराइतकंच संरक्षण आहे, अशा अर्थाचं. आमच्या पत्रकांतलं हे लाडकं वाक्य. मग ऐटीत माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवलं.

"निकाल वाचला काय वं?"

"हो."

"पूर्ण?"

"वाक्य वाचलं. चार पत्रकांत आहे ते."

"म्हंजे चार जणांनी एकमेकाचं पाहून लिवलं. जाय, ग्रंथालयात बस. त्या निकालात ते कोन बोलून राह्यलं, ते पाय."

"मॅडम, सुनावणी सोमवारी आहे."

"मंग आजच वाच."

रागारागानं गेले. जाडजूड खंड काढला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुपारी वाक्य सापडलं. त्याच्या आधी लिहिलं होतं की अर्जदाराच्या वकिलांचा युक्तिवाद असा आहे. म्हणजे वाक्य कोर्टाचं नव्हतंच! निकालात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवतात, कोर्ट स्वतः बोलतं ते नंतर. आणि नंतर कोर्टानं तो युक्तिवाद सरळ फेटाळला होता. आमच्यापैकी कुणीतरी वकिलाचं नाव कापलं, बाकीच्यांनी ते छापलं. मी तर ते चौकात वाटलंही. समोरच्या बाजूनं हाच खंड उघडला असता तर काकूंना मीच बुडवलं असतं.

मॅडमकडं परत गेले. बोलणी खायची तयारी होती. त्यांनी कप पुढं सरकवला. "च्या घे. पत्रकात वकील अन् जज एकाच आवाजात वरडतात, नाही का वं? आता पुढचं वाच. हरलेल्या मुद्द्यापाशी निकाल संपत नसते."

खरंच संपला नव्हता. शेवटाकडं, कुणीच ठळक न केलेल्या भागात, कोर्टानं म्हटलं होतं की कायम नसली तरी बाईला लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येणार नाही. हा निकाल पुढं कुणी बदलला का, हे कसं शोधायचं, तेही मॅडमनी शेजारी बसून शिकवलं. तीन दिवस. या विद्यापीठाविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत आणि त्यांतलं एकही मागं घेत नाही. पण माझ्यासारख्या तास बुडवणारीला पुढ्यात बसवून वाचायला लावणारं माणूस मला तिथंच भेटलं. हे ऋण मी मिरवते.

सोमवारी अकोल्यात अधिकाऱ्यांनी आमची नव्यानं लिहिलेली दोन पानं वाचली आणि मुख्याध्यापकांना विचारलं, "लेखी नोटीस दिली होती?"

"तोंडी समज दिली होती."

"लेखी?"

मुख्याध्यापक फाईल चाळायला लागले. रीतसर चौकशी होईपर्यंत काकूंना कामावर घ्या, असा आदेश झाला. अळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तो राग अजून आहे, आणि अळ्यांची तक्रार आता वेगळी केली आहे, नियम पूर्ण वाचून लिहिलेली.

बाहेर आल्यावर काकूंनी मला धरलं. "नोटीस नोयती, एवढंच सांगाचं होतं त इतके दिवस त्या पुस्तकाइत काय करून राह्यली होती वं तू?"

मी सगळं सांगितलं, वकिलाच्या वाक्यासकट.

"त्या मॅडमले माह्या नमस्कार सांग," त्या म्हणाल्या. "अन् पोरीले अक्कल आली, हेबी सांग."

अमरावतीला परतल्यावर दोन्ही निरोप मी शब्दशः पोचवले.