जननीच्या माथ्यावर वल्हं

मला पाण्याची भीती वाटते हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे रखमाजी तात्याविषयी मी चार वर्षं जे वाईटसाईट बोललो त्याचं मूळ कुठं होतं ते कळेल. एक्कावन्न साली जांभळीच्या वाडीच्या शाळेवर माझी बदली झाली. वाडी भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडं. भोरहून धरणाच्या काठाला यायचं आणि तिथून तात्याच्या नावेनं पाऊण तास पाण्यावरून जायचं. डोंगराला वळसा घालून जाणारी एक वाट होती, पण ती अर्ध्या दिवसाची. सुरुवातीला दोनदा मी ती चाललो. तिसऱ्यांदा पायांनी साफ नकार दिला आणि मी मुकाट्यानं नावेत बसलो.

तात्या तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. भाताची दोन खाचरं होती, पण गावात ओळख नावाड्याचीच. एक वल्हं त्याच्या हातात आणि दुसरं त्याची बायको ठकुबाई हिच्या हातात. दोघं नवराबायको पाऊण तासात चार शब्द बोलले तर खूप, आणि त्यातले दोन वाऱ्याबद्दल.

पाण्याच्या मधोमध एक जागा होती. डावीकडची खिंड आणि उजवीकडचा एकटा पिंपळ एका रेषेत आले की तात्या वल्हं उचलून धरायचा. ठकुबाईही उचलायची. खाली जुनी वाडी होती. तात्या विशीचा असताना धरणाचं पाणी चढलं, माणसं वर डोंगराच्या कुशीत येऊन राहिली, पण जननीदेवी काही आली नाही. तीनदा कौल लावला, तीनदा तिनं नाही म्हटलं. ती आपल्या दगडी देवळात खालीच राहिली. म्हणून नाव तिथं आली की वल्ही वर, बोलणं बंद. तात्या मुंडासं काढायचा, ओंजळभर पाणी घेऊन परत सोडायचा आणि नाव आपसूक वाहत देवळापलीकडं गेली की मगच वल्हं पुन्हा पाण्यात टाकायचा.

"देवीच्या डोक्यावर वल्हं मारायचं न्हाई, गुरुजी," पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं.

वारा समोरून असला की नाव पुढं जायच्या ऐवजी मागं यायची. मग पुन्हा वल्हवा, पुन्हा थांबा. मी घड्याळाकडं बघायचो आणि मनातल्या मनात देवीला आणि तिच्या भक्ताला शिव्यांच्या एकाच माळेत ओवायचो. वैशाखात पाणी आटून देऊळ उघडं पडलं की तात्या तर कहरच करायचा. खोरं-घमेलं घेऊन गाभाऱ्यातला गाळ उपसत बसायचा. दोन महिन्यांनी पुन्हा बुडणार ते देऊळ झाडायचं कशाला, हे मी त्याला एकदा विचारलं. "आपुन घर झाडतो ते काय पुन्यांदा केर पडत न्हाई म्हणून?" असं म्हणून त्यानं मलाच गप्प केलं.

चोपन्न सालच्या पौषात पुण्याची काही हौशी मंडळी धरणावर आली. सोबत चार छोट्या नावा आणि नावेच्या मागच्या फळीला अडकवायची चार इंजिनं. त्यांना शर्यती लावायच्या होत्या. पुढारी होते मानसिंगराव, पुण्यात मोटारदुरुस्तीचा कारखाना असलेले, उघड्या मनाचे गृहस्थ. इंजिनाच्या डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि हिसडा मारायचा, की ते जे भडाभडा बोंबलायचं त्यानं काठावरच्या म्हशी दावी तोडायच्या. वाडीनं त्याला नाव ठेवलं पाण्यातली फटफटी.

पाण्याखाली कुठं खोडं आहेत, कुठं भिंती आहेत हे फक्त इथल्या नावाड्यांना ठाऊक. म्हणून मानसिंगरावांनी तात्याला आणि पलीकडच्या गावांतल्या तिघा नावाड्यांना पंधरा दिवस हाताशी घेतलं. चौघंही इंजिन चालवायला शिकले. त्यातून मानसिंगरावांना कल्पना सुचली, की शेवटची शर्यत या चौघांची लावू आणि जो जिंकेल त्याच्या गावच्या नावेला एक इंजिन कायमचं देऊ.

वाडीत दिवाळी व्हायची बाकी राहिली होती. पाऊण तासाचं पाणी दहा मिनिटांत. सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो मला. मी तात्याला रोज शाळेच्या पायरीवर बसवून घ्यायचो आणि वळण कसं घ्यावं हे त्याला समजावायचो. ज्या माणसाला नावेत बसल्यावर डोळे मिटावे लागतात, तो हे समजावत होता. तात्या ऐकून घ्यायचा.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. लांब पाण्यात तांबडी पिंपं तरंगत ठेवली होती, त्यांना वळसा घालून परत यायचं. तात्या जाताना दुसरा होता, वळसा घालून पहिला झाला. त्याच्या उजव्या अंगाला, जेमतेम दोन हातांवर, पलीकडच्या गावचा नावाडी ज्ञानू याची नाव. आम्ही काठावर उड्या मारत होतो. मी तर धोतर गुडघ्यापर्यंत पाण्यात बुडवून उभा होतो, आणि ते मला नंतर घरी आल्यावर कळलं. आणि मधोमध तात्याचं इंजिन बंद पडलं. ज्ञानू पुढं गेला, तिसराही गेला. तात्यानं दोरी गुंडाळून हिसडे मारले, तापलेलं इंजिन काही केल्या सुरू होईना. सुरू झालं तेव्हा ज्ञानूच्या गळ्यात हार पडला होता.

"बंद पडलं," काठाला लागल्यावर तात्या एवढंच म्हणाला.

मानसिंगरावांनी इंजिन तपासलं. काही बिघाड नव्हता. त्यांनी एकदा तात्याकडं बघितलं आणि इंजिन पुसायला घेतलं. मी मात्र बोललो. म्हटलं, इंजिनाचा दोष नाही, आमच्या नावाड्याचे हात लटपटले. दुसऱ्या दिवसापासून वाडीत हेच झालं. तात्याला फटफटी झेपली नाही. पोराटोरांनी तसं गाणंही जुळवलं. तात्या रोज ठरल्या वेळी नाव सोडत राहिला.

पलीकडं ज्ञानूची नाव भडभडत बाजाराला जायची आणि आम्ही वल्ह्यांच्या तालावर तिच्याकडं बघत बसायचो. इथवर ठीक होतं. पण पंचावन्न सालच्या श्रावणात वाडीतल्या कुंडलिकच्या बायकोला, फुलाबाईला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. कुंडलिक बैल घेऊन भोंगवलीला गेला होता. सुईणीनं हात टेकले. भरदुपारी, उलट्या वाऱ्यात तात्या आणि ठकुबाईनं तिला नावेत घालून पलीकडं नेलं आणि बैलगाडीनं भोरच्या दवाखान्यात पोचवलं. फुलाबाई वाचली. मूल गेलं. मुलगी होती.

कुंडलिक साधा माणूस. तो परत आल्यावर चावडीपुढं बसून एवढंच म्हणाला, "फटफटी असती तर." तात्या तिथंच उभा होता. आणि मी, शिकलेला माणूस, मान हलवून म्हणालो, "असती तर पोर वाचलं असतं." माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून कुंडलिक तात्याशी बोलेनासा झाला. नावेत बसायचा, पण पाठ करून.

अठ्ठावन्नच्या माघात मानसिंगरावांचं पत्र आलं. शर्यतींच्या वेळी त्यांच्या मित्रानं सिनेमाच्या छोट्या कॅमेऱ्यानं चित्रं घेतली होती. ती पडद्यावर दाखवायला ते स्वतः येणार होते, यंत्र आणि वीज तयार करायचं इंजिन घेऊन. वाडीनं सिनेमा कधी पाहिला नव्हता, आणि आता सिनेमात वाडीच होती.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तात्या माझ्याकडं आला. पायरीवर बसला, तंबाखू मळली, खाल्ली नाही.

"गुरुजी, त्या सिनिमात हात दिसत्यात का माणसाचं?"

"सगळं दिसतं. का?"

"इंजिन बंद पडलं न्हवतं. म्या बंद केलं."

मला आधी कळलंच नाही. तो खाली बघून सांगत राहिला. "परतताना ज्ञानू उजव्या अंगाला चिकटलेला. डावीकडं खोडं. मधी सरळ देऊळ. तो इंजिनाचा पंखा गरागरा फिरवीत तिच्या डोक्यावरनं न्यायचा? हात झाला न्हाई. बंद करायचा चाप वडला. वाटलं, लगीच पुन्यांदा चालू करू. न्हाई झालं."

"आणि हे चार वर्षं सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? गावाला फटफटी पायजे व्हती." मग थांबून म्हणाला, "आन् मंग फुलाबाईचं झालं. त्याच्यानंतर कुंडलिकला कंच्या तोंडानं सांगायचं? मानसिंगरावास्नी तेवढं कापायला सांगा, गुरुजी. तुमचं ऐकतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका कवडीच्या रीतीसाठी यानं गावाचं इंजिन पाण्यात घातलं होतं, आणि त्यापायी एक पोर गेलं होतं. मी म्हटलं, "बघू." आणि काही बघितलं नाही. मानसिंगराव आले, मी त्यांना चहा दिला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कुंडलिकला कळू दे, असं माझ्या मनात होतं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

दुपारी तीनला खेळ सुरू झाला. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. भिंतीवर ठकुबाईनं धुतलेलं धोतर ताणून बांधलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. कुंडलिक पुढं. तात्या दाराशी, घोंगडीची कड हातात धरून बसला होता.

आवाज नव्हता, फक्त चित्रं. फटफट्यांच्या भडभडाटाशिवायची ती शर्यत बघताना विचित्र वाटत होतं. आपली म्हैस ओळखून कुणी हसलं, ज्ञानूचा फेटा उडाला तेव्हा सगळेच हसले. मग ती शेवटची शर्यत आली. कॅमेरेवाला पाण्यात उभ्या असलेल्या नावेत होता, त्यामुळे सगळं जवळून दिसत होतं. तात्या पहिला, त्याच्या बाजूला ज्ञानू. तात्याचा हात मागं गेला, त्यानं चाप ओढला. पाण्यावरचा फेस बसला. ज्ञानू निघून गेला. आणि त्या हलत्या, पांढुरक्या चित्रात तात्यानं मुंडासं काढलं, वाकला, ओंजळभर पाणी घेतलं आणि परत सोडलं.

 वाडीतल्या कुणालाही काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्या ओंजळीचा अर्थ तान्ह्या पोरालाही ठाऊक होता. रीळ संपलं, धोतर कोरं पांढरं झालं. मानसिंगरावांनी एका खिडकीची घोंगडी बाजूला केली.

कुंडलिक उठला आणि दाराशी जाऊन तात्यापुढं उभा राहिला. "म्हंजे बंद पडलं न्हवतं," तो म्हणाला.

"न्हाई."

"थांबलास तू."

तो तात्याला कधी एकेरीत बोलला नव्हता. तात्यानं नुसती मान हलवली. बायकांच्या बाजूनं तेव्हा फुलाबाई उभी राहिली. गावातल्या सुना चारचौघांत तोंड उघडत नाहीत, आणि फुलाबाई तर एरवीही न बोलणारी. डोक्यावरचा पदर सारखा करून ती नवऱ्याकडं न बघता बोलली.

"माझ्या वक्ताला न्हाई थांबले ते. म्या नावेत उताणी पडलेले, मला वल्हं दिसत व्हतं. खिंडीपाशी आल्यावर ठकूआत्यांनी वल्हं उचललं. तर तात्या म्हणाले, मार वल्हं, तिला म्या मागनं सांगंन. दोघांनीबी मारलं. वरनं, सरळ. दवाखान्यात डाक्टर म्हणाले, घटकाभर उशीर झाला असता तर ही बी ऱ्हायली नसती." मग ती पहिल्यांदा नवऱ्याकडं वळली. "इतकी वर्सं हे कुणालाच म्हाईत न्हवतं. आज सांगितलं."

ती खाली बसली. मी तात्याकडं बघितलं नाही, मला बघवलं नाही. बक्षिसासाठी ज्यानं देवीच्या डोक्यावरून पंखा नेला नाही, त्यानं दुसऱ्याच्या बायकोसाठी स्वतःच्या हातानं तिच्या माथ्यावर वल्हं मारलं होतं आणि दोन्हींचा बोल गिळून तो आम्हांला पाण्यापार नेत राहिला होता. पंचावन्न सालानंतर दर वैशाखात तो गाळ कशाची फेड म्हणून उपसायचा, तेही मला तेव्हा कळलं.

 कुंडलिक तात्याशेजारी जमिनीवर बसला आणि मानसिंगरावांना म्हणाला, "पावनं, शेवटचं तेवढं पुन्यांदा दावा." त्यांनी घोंगडी परत लावली.

त्या वर्षी वैशाखात देऊळ उघडं पडलं तेव्हा गाळ काढायला तात्या एकटा नव्हता. कुंडलिक खोरं मारत होता, फुलाबाई आणि ठकुबाई घमेली नेत होत्या. मीही गेलो. कोरड्या तळात पाण्याची भीती नसते. गाभाऱ्यात पाठीला पाठ लागेल इतकीच जागा, तिथं तात्याच्या शेजारी वाकून मी हळूच विचारलं, "देवीला सांगितलंत का मग?"

"त्याच वर्सी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काई न्हाई," तात्या म्हणाला आणि भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं. "गाळ काढून घेतीया. तुमीबी लई बोलला हाईत, गुरुजी. उचला."

मी उचललं.