टँकर न नेता टोकावडे

टोकावड्याला मी फिरायला नाही, माफी मागायला गेले. ऑफिसच्या पिकनिकसाठी ग्रुपवर मतदान झालं. शहापूर-मुरबाड सगळ्यांत शेवटी, एकच मत. तेही शेजारच्या टेबलावरच्या वंदनाचं. तिचं गाव टोकावड्याजवळ. मी डोंबिवलीची, जीभ आवरत नाही. लिहून मोकळी झाले, "तिकडे जायचं तर आंघोळीला टँकर सोबत न्यावा लागेल." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून वंदना आपला डबा एकटीच खाऊ लागली. इतक्या वर्षांची आमची जेवणाची जोडी, मला घास गोड लागेना. सॉरी म्हटलं तर म्हणाली, "सॉरी राहू दे. घरी ये."

शनिवारी कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. सकाळची गाडी घ्या, खिडकी मिळते. मुरबाड स्टँडवरचा वडापाव चुकवू नका. पुढे भात कापून मोकळी पडलेली शेतं आणि लांबवर सिद्धगडाची रांग. टोकावड्याला ढाब्यासमोर वंदना उभी होती. "चल," एवढंच म्हणाली. घरी तिच्या आईने, मी त्यांना काकी म्हणते, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वंदना मात्र आपलं ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

रविवारी सकाळी डोळे चोळत मागच्या दारी आले तर शेतातून धूर! पाला पेटलेला आणि आसपास कुणी नाही. मी "आग, आग" ओरडत ओट्यावरचे दोन भरलेले हंडे एकामागून एक ओढत नेले आणि ओतले. आग विझली. मला फार धन्य वाटलं.

झाडाआडून काकी उठल्या. "अगो बाय, जळलं नाय ते, मीच जाळलंय!"

तो राब होता. शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजतात आणि पावसात तिथेच भाताची रोपं करतात. महिनाभर गोळा केलेला पाला मी भिजवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे वंदना पोट धरून हसत होती, कितीतरी दिवसांनी.

"ऱ्हाऊ दे, वाळला का परत लावू," काकी म्हणाल्या. "पन पानी? ते सकाळी भरून ठेवलेलं. चल माझ्यासंगं इहिरीवर."

विहीर उताराखाली. चढताना माझा हंडा अर्धा माझ्याच अंगावर सांडला. काकी वाटेत सहज म्हणाल्या, "धरणं आमच्याकडं, पानी तुमच्याकडं. आमी काय बोलतो का?" मला ग्रुपवरचा माझा टँकर आठवला. उरलेलं पाणी स्वयंपाकाला आणि गुरांना लागलं. त्या दिवशी मी आंघोळ केली नाही.

परत येताना मुद्दाम सरळगाव-किन्हवलीवरून शहापूरला गेले आणि आसनगावला लोकल पकडली. रस्ता थोडा लांबचा, पण शांत.

मी कुठे गेले होते ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलंच, "काय, टँकर नेला होतास?" वंदना तिच्या टेबलावर मान खाली घालून डबा सोडत होती. तिथे काय घडलं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मीच राब विझवल्याचं सांगितलं. "आणि बिनआंघोळीची तिथे एकटी मीच होते," म्हटलं. हशा झाला.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. वंदनाने डबा टेबलावर ठेवला.

"अर्धंच सांगतेयस," ती म्हणाली. "विहिरीवरच्या त्या अर्ध्या हंड्याचं कोण सांगणार? आणि भाकरी घे, आईने तुझ्यासाठी दिलीय."