एकशेवीस-ऐंशीचा रकाना

त्या प्रसूती केंद्रात त्यांना सगळे मावशी म्हणत. डॉक्टर म्हणत, सिस्टर म्हणत, तपासणीला आलेल्या बायकांच्या सासवाही म्हणत. आणि त्यातल्या कित्येक सासवा मावशींपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या. नाव विचारायची तसदी सव्वीस वर्षांत कुणी घेतली नव्हती. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, रांग लावायची आणि रांगेत जुंपली की सोडवायची, एवढंच त्यांचं काम. कागदोपत्री एवढंच. कागदोपत्री त्या केंद्रात सगळंच झकास होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सव्वीस वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईला माणसं पायांवरून कळायला लागतात. वाकून फडकं मारताना वर बघायला सवड नसते, त्यामुळे मावशींना दिसत त्या टाचांच्या भेगा, बोटांची नखं, चपलांच्या पट्ट्यांचे वळ. दर आठवड्याच्या तपासणीला चाळीसेक गरोदर बायका भिंतीलगतच्या बाकांवर पाय सोडून बसत. डॉक्टर त्यांना कार्डावरून ओळखत, सिस्टर नंबरावरून आणि मावशी चपलांवरून.

कार्ड हाच त्या केंद्रातला सगळ्यात मोठा माणूस. बाई आली नाही तरी चालेल, कार्ड यायला हवं. जाड पिवळा पुठ्ठा, त्यावर महिन्यागणिक रकाने: वजन, रक्तदाब, सूज, बाळाचे ठोके. वरच्या कचेरीतून वर्षातून दोनदा साहेब येत आणि बोट फिरवत फिरवत रिकामे चौकोन मोजत. भरलेल्या चौकोनात काय भरलंय ते वाचण्याएवढा रिकामा वेळ साहेबांकडे नसे. एकही चौकोन रिकामा सापडला नाही म्हणून केंद्राला आदर्श केंद्राचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते काचेत घालून अगदी समोर लावलं होतं. त्याची काच पुसायचं कामही मावशींकडेच.

आणि चौकोन भरायचं कामही. ते कसं त्यांच्याकडे आलं, याची गोष्ट म्हटलं तर साधी आहे. सिस्टरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग आणि मावशींचं चौथीपर्यंतचं, पण गोल, टपोरं, एकाखाली एक बसणारं. एकदा पाण्याच्या पिंपावर त्यांनी 'झाकण लावा' असं लिहिलेलं सिस्टरने बघितलं आणि ती म्हणाली, मावशी, मी सांगते तुम्ही लिहा. तेव्हा सिस्टर खरोखर रक्तदाबाचा पट्टा बांधायची, फुगा दाबायची, काट्याकडे बघून आकडा सांगायची. मावशी लिहायच्या. पुसणारीच्या हातात पेन आलं म्हणून मनातून फुशारल्या होत्या, खोटं कशाला बोला.

मग पट्ट्याच्या आतलं रबर फाटलं. फुगा दाबला की हवा फुस्स. नवीन पट्ट्यासाठी अर्ज करावा तर अर्जात मशीनचा नंबर हवा आणि नंबराची पट्टी कधीच गळून पडलेली. नंबराशिवाय अर्ज घेता येणार नाही, असं कचेरीने कळवलं. आणि नंबर कळावा यासाठी वेगळा अर्ज करावा, असंही कळवलं. त्यासाठीही मशीनचा नंबर हवा होता. अशी अक्कल जिथे मोफत वाटली जाते तिथे दुसरं काही शिल्लक राहत नसावं.

पहिले काही आठवडे सिस्टर बाईच्या तोंडाकडे बघून आकडा सांगायची. नंतर न बघता सांगायला लागली. नंतर सांगायचीच बंद झाली. चार जणींची कामं तिच्या एकटीच्या बोकांडी होती, हे खरं. पण तिला झोप लागत होती, हेही खरं. तपासणी आटोपली की ती कार्डांचा गठ्ठा मावशींपुढे सरकवायची आणि मावशी पाय पुसायच्या फडक्याला हात पुसून लिहायला बसायच्या. एकशेवीस-ऐंशी. एकशेवीस-ऐंशी. साहेबांना संशय नको म्हणून मधूनच एकशेदहा-सत्तर. बारीक बायकांना थोडं कमी, अंगाने भरलेल्यांना थोडं जास्त. आपण काही आंधळेपणाने लिहीत नाही, विचार करून लिहितो, याचं मावशींना समाधान होतं. पायांवरून माणूस ओळखणारी ही बाई सहा वर्षं मान खाली घालून आकडे पाडत होती, आणि तेव्हा मात्र तिला कुणाचे पाय दिसले नाहीत.

ज्या बायका मध्येच यायच्या बंद होत त्यांची कार्डं सिस्टर वेगळी काढायची, दोरीने बांधायची आणि वर चिठ्ठी लावायची: बाहेरगावी गेल्या. बायका काय, कुठेही जातात. माहेरी जातात, नवऱ्याची बदली होते. गठ्ठा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला स्टुलावर मावशीच चढायच्या.

मग एका तपासणीला मावशी बाकाखालून फडकं ओढत आल्या आणि थांबल्या. समोर पुरुषी चपला होत्या. काळ्या, रुंद, टाचेकडे झिजलेल्या. त्यात घातलेले पाय मात्र बाईचे होते आणि ते चपलांच्या कडेवरून बाहेर आले होते. घोटे कुठे होते ते शोधावं लागलं असतं.

मावशींनी वर बघितलं. शिलाईच्या कारखान्यात काम करणारी पोरगी होती, आठवा महिना. दर महिन्याला यायची ती निळ्या पट्ट्यांच्या चपला घालून, हे मावशींना पक्कं आठवत होतं. चपला कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याच्या, माझ्या जात नाहीत पायात, असं सांगून पोरगी ओशाळून हसली. चेहराही सुजलेला होता. बाजूला सासू बसली होती. ती म्हणाली की पोटुशीचे पाय सुजतातच, आम्ही काय कमी सुजलो होतो. हल्लीच्या पोरींना जरा काही झालं की चार माणसं गोळा करायची हौस. सासूच्या मते सगळा आजार कारखान्याला दांडी मारण्यासाठी होता. पोरगी नुसती चपलांकडे बघत राहिली. मावशींनी डोकं दुखतं का असं विचारलं तेव्हा मात्र तिने मान हलवली.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "आणि सुईत दोरा जाईना झालाय मावशी. दोन-दोन सुया दिसतात."

मावशी सिस्टरकडे गेल्या. सिस्टरने मान वर न करता सांगितलं की सूज सगळ्यांनाच असते, मीठ कमी खायला सांगा. मावशींनी पुन्हा सांगितलं. सिस्टरने गठ्ठ्यातून कार्ड ओढलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, हे बघा, चार महिने एकशेवीस-ऐंशी, हिच्याएवढी ठणठणीत बाई रांगेत दुसरी नाही. हे बोलताना तिचा आवाज जराही अडखळला नाही. स्वतः न मोजलेल्या आकड्यावर तिचा इतका विश्वास बसला होता की मावशींना तिची कीव आली आणि रागही आला.

मग त्या फडकं हातात घेऊनच डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. डॉक्टर आठवड्यातून दोन तास यायचे आणि त्यातला अर्धा तास गाडी सावलीत लावण्यात जायचा. बायकांकडे बघून उरलेला दीड तास वाया घालवणं त्यांना परवडत नसे, म्हणून ते कार्डाकडे बघत आणि नॉर्मल आहे म्हणत. या शब्दावर त्यांची निम्मी कारकीर्द उभी होती. मावशींनी पोरगीला हाताला धरून आत आणलं आणि सांगितलं की हिचं काहीतरी बिनसलंय, बघा. डॉक्टरांनी कार्ड मागितलं, बघितलं आणि परत दिलं.

"नॉर्मल आहे. तुम्ही फरशीकडे बघा मावशी, हे आम्ही बघतो."

"ते मी लिहिलंय," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांना कळलं नाही. चांगलं अक्षर आहे की, असं काहीतरी ते पुटपुटले.

"अक्षर नाही, आकडे. आकडे माझे आहेत. हिला कुणी पट्टा लावलेलाच नाही. आज नाही, मागच्या महिन्यात नाही, कधीच नाही. मी बसल्या जागी लिहिते. हिचंही आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांचं."

दारात सिस्टर येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. सव्वीस वर्षांची नोकरी आपण एका वाक्यात पाण्यात घातली, हे मावशींना बोलता बोलताच उमगलं. भीती वाटलीच. पण समोर त्या काळ्या चपला होत्या, आणि त्यांच्यावरून नजर काही हलेना.

डॉक्टरांनी कोपऱ्यातली आपली बॅग उघडली. तिच्यात रक्तदाबाचं नवंकोरं, चकचकीत मशीन होतं. दुपारच्या त्यांच्या खासगी दवाखान्यासाठी होतं ते. तीन वर्षं ते दर आठवड्याला या केंद्रात येत होतं आणि झाकण न उघडता परत जात होतं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, काट्याकडे बघितलं, दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा बघितलं. एकशेऐंशीवर एकशेवीस. मग मात्र डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं. झटके येऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतः इंजेक्शन दिलं, ज्या गाडीत घालून तिला ड्रायव्हरबरोबर मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं ती त्यांचीच होती, आणि सावलीतली जागा सोडायला त्या गाडीला त्या दिवशी एक मिनिटही लागलं नाही.

बाहेर बसलेल्या बाकीच्यांचं काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मावशींनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मग एकीचा मोजलाच आहे तर बाकीच्यांचाही मोजून टाकू, अशा थाटात त्यांनी सगळ्यांचा रक्तदाब मोजला. आणखी दोघींचा वाढलेला निघाला. त्या दोघींच्या कार्डांवरही टपोऱ्या अक्षरात एकशेवीस-ऐंशी होतं.

शिलाईवाल्या पोरगीचं बाळ त्याच दिवशी पोट उघडून काढलं. मुलगी झाली, मुठीएवढी. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि जगली. आईही जगली. सासू सगळ्यांना सांगत सुटली की सुनेच्या पायांची सूज पहिल्यांदा तिनेच ओळखली होती.

दोन महिन्यांनी चौकशी बसली. केंद्राच्या कारभाराची नव्हे. सफाई कर्मचाऱ्याने अधिकार नसताना सरकारी कार्डावर लिहिलं, याची. सिस्टरने लेखी दिलं की कामाच्या व्यापात मावशींनी कार्डं परस्पर भरली. डॉक्टरांनी लेखी दिलं की आपण स्वतः प्रसंगावधान राखून रुग्णाचे प्राण वाचवले. दोघांची निवेदनं अगदी नीटनेटकी होती, एक चौकोन रिकामा नव्हता. नवीन पट्टा मात्र तोवर आला होता. हरवू नये म्हणून तो कुलपात ठेवला होता.

साहेबांनी मावशींना बसायलाही सांगितलं नाही. शिलाईवालीचं कार्ड पुढे केलं आणि हे अक्षर तुमचं का, एवढंच विचारलं. मावशी हो म्हणाल्या. मग त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट केलं.

"साहेब, तो गठ्ठाही माझ्याच अक्षरातला आहे. बाहेरगावी गेल्या असं लिहिलंय वर. त्या बायका कुठल्या गावी गेल्या, तेवढं एकदा शोधायला सांगा. सहा वर्षांतल्या आहेत. मला झोप लागत नाही."

तो आजचा विषय नाही, असं साहेबांनी सांगितलं. चौकशी एका कार्डापुरती आहे. एका वेळी एकच विषय घेता येतो. मावशींनी पुन्हा गठ्ठ्याकडे बोट केलं तेव्हा साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि सही करायला सांगितली. त्यावर मावशींना कामावरून कमी केल्याचं लिहिलं होतं. मावशींनी सगळा कागद वाचला आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्या केंद्रात ते पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं.

साहेबांनी कागद उचलून जरा लांब धरला.

"अक्षर छान आहे हो तुमचं," ते म्हणाले. "कुठे शिकलात?"

"इथंच हात बसला, साहेब," मावशी म्हणाल्या. "त्या गठ्ठ्यावर."