हवालदार सर आणि मेश्राम सर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. ते जमतात. आता आमच्या शाळेतले जुने दोघे-तिघे एखाद्या लग्नात भेटलो, की पंगत उठली तरी आम्ही उठत नाही. "तो हवालदार सरांचा किस्सा सांगा ना बाई!" असं कोणीतरी म्हणतं, मग एकातून दुसरा निघतो आणि बिचारे वाढपी पुन्हा पुन्हा भात घेऊन येतात!

आमची शाळा प्रताप नगरातली. तेव्हा तिकडे घरं थोडी आणि मोकळे प्लॉट जास्त. मी तिथे सायन्स शिकवायची. मेश्राम सर इतिहास शिकवायचे. छप्पन साली त्यांच्या अख्ख्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते कॉलेजात होते. शांत माणूस, अक्षर मोत्यासारखं आणि मत पक्कं: युद्ध वाईट. कोणाचंही असो, कधीचंही असो, वाईट!

आणि अशा शाळेत पी.टी. शिकवायला आले हवालदार भोयर. मूळचे काटोलकडचे. पासष्टच्या लढाईत जखमी होऊन फौजेतून सुटले होते.

*

पहिल्याच दिवशी भडका उडायचा, पण उडाला नाही.

आमचे हेडमास्तर, त्यांना सगळे 'बडे सर' म्हणायचे. त्यांनी स्टाफरूममध्ये छान भाषण केलं. शूर जवान, मातृभूमी, शत्रूला पाणी पाजलं वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेश्राम सरांनी हात बांधून ठेवले. बडे सरांचं लक्ष गेलंच!

मेश्राम सर उठून उभे राहिले. "भोयर सर, गैरसमज नको. तुमच्याबद्दल आदर आहे. पण मी युद्धाच्या विरोधात आहे. युद्धासाठी टाळी वाजवणार नाही."

नव्या माणसाचा पहिला दिवस. बडे सरांचा चेहरा लालबुंद.

भोयरांनी डावा हात वर केला. दोन बोटं नव्हती त्याला. म्हणाले, "मी बी विरोधातच हावो गा! तुमी तं नुसतं पुस्तकात वाचलं. मले गोळी लागली हाय!"

*

पोरांना मात्र त्यांच्याबद्दल भयंकर कुतूहल. पी.टी.चा तास संपला की घोळका व्हायचा. 'सर, बंदूक किती जड असते? सर, टँक पाहिला का?' हवालदार सर सगळं सांगायचे, हसून सांगायचे.

एकदा आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही किती मारले?"

मी व्हरांड्यातून जात होते, मेश्राम सर माझ्या मागे. आम्ही दोघेही थांबलो. हवालदार सरांचं हसू गेलं. पण ते रागावले नाहीत. खाली बसले, त्या मुलाच्या उंचीला आले.

"मी नाई मोजले बापू," ते म्हणाले. "त्यायच्या मायनं मोजले असन."

मेश्राम सर वर्गात जायचे ते परत स्टाफरूममध्ये गेले. खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती, वारा यायचा म्हणून दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. त्यांनी त्या खुर्चीवरचा आपला टॉवेल काढला आणि हवालदार सर आल्यावर म्हणाले, "आजपासून तुम्ही इथे बसा."

"काहून गा?"

"ऊन लागतं मला तिथे," मेश्राम सर म्हणाले. साफ खोटं! त्या खिडकीत बाराही महिने ऊन यायचं नाही.

*

मग मेश्राम सरांना एक आयडिया सुचली. लढायांचा धडा आला की ते हवालदार सरांना वर्गात बोलवायचे. पानभर कारणं आणि परिणाम शिकवून झाले की म्हणायचे, "आता जो प्रत्यक्ष गेला होता, त्याला विचारा."

एका पोरीने विचारलं, "सर, लढाईत सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

आम्हाला वाटलं, तोफा म्हणतील, भूक म्हणतील.

"ओले मोजे!" हवालदार सर म्हणाले. "पाय सडतेत बाई. माणूस गोळीले कमी भिते, ओल्या मोज्याले जास्त."

महिन्याभराने शाळेत इन्स्पेक्टर साहेब आले. नेमके त्याच वर्गात शिरले. फळ्यावर लढाईचं नाव बघून विचारलं, "सांगा, या पराभवाचं मुख्य कारण काय?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "ओले मोजेऽऽ!"

बडे सर भिंतीला टेकले. मेश्राम सर मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, पुस्तकात सहा कारणं दिली आहेत. हे सातवं."

*

एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा वातावरण एकदम तापलं. शाळेत जवानांसाठी मदत गोळा करायची ठरली. बडे सरांनी बोर्डावर मोठ्या अक्षरात 'युद्ध मदत समिती' लिहिलं, खाली सगळ्यांच्या सह्या. मेश्राम सरांनी सही केली नाही. लोक काय काय बोलले! एक पालक तर तोंडावर म्हणाले, "असे मास्तर कशाला ठेवता?" मेश्राम सर ऐकून घेत राहिले.

त्याच रविवारी मी भाजी घेऊन येत होते, तर समोरून मेश्राम सर सायकलवर. हँडलला दोन मोठ्या पिशव्या. गल्लीतल्या प्रत्येक दारात उतरून काहीतरी मागत होते. मी विचारलं, तर पिशवी उघडून दाखवली. लोकरीचे मोजे! नवे, जुने, बायकांनी विणलेले, एक जोडी तर चक्क पिवळी!

सोमवारी सगळी रास त्यांनी बडे सरांच्या टेबलावर ओतली.

"अहो मेश्राम सर, तुम्ही तर विरोधात ना?"

"युद्धाच्या विरोधात आहे," मेश्राम सर म्हणाले. "पायांच्या नाही!"

हवालदार सर त्या राशीतले मोजे एकेक करून उलटे करून पाहत बसले. कुठे धागा निघालाय का, टाचेला जाड आहे का.

*

नेहमी इतकं गोड नव्हतं हं. एकदा दोघांचं जबरदस्त वाजलं.

लढाई जिंकल्यावर स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पेढा हातात आला आणि मेश्राम सरांचा तोल गेला. "किती पोरं मेली दोन्हीकडची, आणि आपण पेढे खाऊन राहिलो! फौज म्हणजे शेवटी काय? मारायची नोकरी!"

हवालदार सर उठले. पेढा टेबलावर ठेवला. "माह्ये फौजेतले जोडीदार मारायले नोते गेले," एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले.

त्यानंतर अबोला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. हवालदार सर खिडकीजवळच्या खुर्चीतही बसेनात. आम्ही सगळे मध्ये पडून थकलो. मेश्राम सर दोनदा माफी मागायला गेले, तर हवालदार सर मान हलवून निघून गेले.

मग एका सकाळी मी लवकर शाळेत आले, तर ग्राउंडवर सहावीच्या पोरांची परेड चालू. रांगेत सगळ्यात मागे एक उंच माणूस. रोजचं धोतर नाही, पँट खोचलेली, डोक्याला घाम. मेश्राम सर! सहावीच्या पोरांबरोबर लेफ्ट-राइट करत होते, आणि सगळं चूक! पोरांचा डावा तर यांचा उजवा. पोरं हसून हसून वाकडी झाली होती.

हवालदार सर दगडासारखे उभे होते. एक चक्कर झाली, दोन झाल्या. तिसऱ्या चकरेला त्यांचा धीर सुटला.

"मेश्राम सर, डावा पाय! अरे डावा! तुमच्या इतिहासात डावा पाय नसते का गा?"

"असतो," मेश्राम सर धापा टाकत म्हणाले, "पण चुकतो कधी कधी. माणसाची जीभ चुकते तसा!"

हवालदार सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "परेड, थम!" आणि पोरांसमोर चालत जाऊन मेश्राम सरांच्या खांद्यावर हात ठेवला. तोच, तीन बोटांचा.

*

आता शेवटचा सांगते. हा मी पंगतीत सांगत नाही.

हवालदार सर रिटायर झाले, तेव्हा बडे सरांनी मानपत्र लिहायचं काम मेश्राम सरांना दिलं. अक्षर त्यांचं, भाषा त्यांची. पण आठवडाभर त्यांना काही जमेना. 'शूर' लिहायचे आणि खोडायचे. "शूर लिहिलं की लढाईची भलामण होते, नाही लिहिलं तर या माणसावर अन्याय होतो," म्हणाले.

समारंभात त्यांनी वाचलं ते मला अजून पाठ आहे. मोजून दोन वाक्यं. 'आपल्याला युद्धावर पाठवावं लागलं, हे आम्हा सर्वांचं अपयश. आपण परत आलात, हे आमचं भाग्य.'

बडे सर कुजबुजले, "मानपत्रात अपयश?" पण हवालदार सर मान खाली घालून ऐकत होते. भाषण केलं नाही, नुसता नमस्कार करून बसले.

दुसऱ्या दिवशी ते घरचे कपडे घालून शाळेत आले. मेश्राम सरांना म्हणाले, "असंच एक आणखी लिहून द्या गा. माह्या जोडीदाराच्या बायकोसाठी. पांडुरंग नाव होतं त्याचं. आमच्याच गावचा. माह्यासोबत गेला, वापस नाई आला."

मेश्राम सरांनी कागद घेतला. पहिलं वाक्य लगेच लिहिलं. मग पेन थांबलं. मधली सुट्टी गेली, शाळा सुटली, तरी दुसरं वाक्य येईना. मी सुचवलं, "लिहा ना, त्यांचं बलिदान व्यर्थ जाणार नाही."

"बाई," ते म्हणाले, "हे तुम्ही त्याच्या बायकोच्या तोंडावर म्हणाल?"



रविवारी आम्ही तिघे एस.टी.ने काटोलला गेलो, तिथून पुढे गावापर्यंत पायी. घरी सासू-सुना दोघीच, म्हणून मला सोबत नेलं होतं. शेवंताबाई पांडुरंगाची बायको. अंगणात तूर पाखडत होत्या. भिंतीवर वर्दीतला फोटो, त्याला सुकलेला हार. हवालदार सरांना पाहून त्यांनी पदर सारखा केला, बाज टाकली.

"हे आमच्या शाळेतले मास्तर," हवालदार सर म्हणाले. "तुमच्यासाठी काही लिहून आणलं."

"वाचून दाखवा," शेवंताबाई म्हणाल्या. "मले बारीक अक्षर दिसत नाई."

मेश्राम सर उभे राहून वाचू लागले. "तुमच्या माणसाला युद्धावर पाठवावं लागलं, हे आम्हा सर्वांचं अपयश." आणि थांबले.

"झालं?"

"झालं," मेश्राम सर म्हणाले. "पुढचं मला लिहिता आलं नाही."

हवालदार सर अंगणाबाहेर संत्र्याच्या झाडांकडे पाहत होते. शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं.

"दरसाली लोकं येतेत," त्या म्हणाल्या. "हार घालतेत, शूर होता म्हनतेत, फोटो काढतेत अन् जातेत. होताच तो शूर, ते काय लोकायनं सांगावं लागते?" मग मेश्राम सरांच्या हातातून तो कागद घेतला, फोटोकडे पाहिलं, आणि घराच्या दाराशी जाऊन आत सासूला हाक मारली.

"आई, बाहेर या वं! माफी मागाले आले हायेत!"